फायनल हरलेला क्लब दोन वर्षांत बुडाला, त्याची गोष्ट

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय रग्बीचा आहे, पण रग्बी कळत नसेल तरी काही बिघडत नाही. दोन-तीन वर्षांपूर्वीपर्यंत मलाही कळत नव्हती.

ऑगस्ट २०२२ आठवा. बर्मिंगहॅमची राष्ट्रकुल स्पर्धा. कुस्तीत आपले बारा जण उतरले आणि बाराही जण पदक घेऊन परतले. बजरंग, साक्षी, दीपक पुनिया, रवी दहिया, विनेश, नवीन अशी सहा सुवर्णं. आपल्या तालमीत पेढे वाटले होते, त्याचे फोटो मीच काढले होते. स्पर्धा बर्मिंगहॅमची असली तरी कुस्त्या झाल्या शेजारच्या कॉव्हेंट्री शहरात, तिथल्या मोठ्या स्टेडियमच्या संकुलात. माझा भाचा त्या शहरात नोकरीला आहे. तो तिरंगा घेऊन गेला होता, व्हिडिओ कॉलवर त्यानं आम्हाला गर्दी दाखवली होती.

ऑक्टोबरमध्ये त्याचा परत फोन आला.

"मामा, ते कुस्तीचं स्टेडियम ज्या रग्बी क्लबचं होतं ना, तो क्लब बुडाला. आमच्या ऑफिसातल्या एकाचे पैसे अडकलेत."

म्हटलं, "अरे, क्लबात पैसे कसे अडकतील? ठेव ठेवली होती का?"

"तसंच समजा. बाँड घेतले होते. साडेसहा टक्के व्याज."

साडेसहा टक्के ऐकलं आणि पोटात गोळा आला. का आला ते शेवटी सांगतो. पण त्या दिवसापासून मी या क्लबचा इतिहास खोदत गेलो. क्लबचं नाव वॉस्प्स. वॉस्प म्हणजे गांधीलमाशी. अंगात काळी जर्सी, छातीवर पिवळी माशी. स्थापना १८६७. आणि हा क्लब बुडण्याच्या दोनच वर्षं आधी इंग्लंडच्या सर्वोच्च व्यावसायिक लीगची, म्हणजे प्रीमियरशिपची, फायनल खेळला होता. नुसता खेळला नव्हता, जिंकता जिंकता हरला होता.

फायनलपर्यंत गेलेला क्लब दोन वर्षांत दिवाळखोर कसा होतो? हा प्रश्न काही मला सोडेना.

आधी थोडा इतिहास

रग्बी युनियन म्हणजे पंधरा-पंधरा जणांचा खेळ. चेंडू लंबगोल, हातात घेऊन पळायचा, पास फक्त मागं द्यायचा. समोरच्याच्या रेषेपलीकडं चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे पाच गुण. मग गोलखांबांमधून लाथाडला की आणखी दोन. प्रतिस्पर्ध्यानं चूक केली की पेनल्टी, ती खांबांमधून मारली की तीन. सामना समजायला एवढं पुरे.

या खेळात पैशाचं भांडण जुनं आहे. १८९५ साली उत्तर इंग्लंडातले वीसेक क्लब हडर्सफिल्डच्या एका हॉटेलात जमले आणि मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण काय? उत्तरेकडचे खेळाडू खाणीत आणि गिरण्यांत काम करणारे. शनिवारी सामना खेळायचा म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी गेली. क्लबांचं म्हणणं एवढंच होतं की बुडालेली मजुरी तरी भरून देऊ द्या. लंडनच्या साहेब लोकांनी सांगितलं, नाही, हा हौशी खेळ आहे. ज्यांना पगाराची चिंता नव्हती त्यांनी ठरवलं की खेळात पैसा आला तर खेळ बाटतो. त्या फुटीतून रग्बी लीग हा वेगळा खेळच तयार झाला. आपल्याकडं मुंबईत गिरण्यांच्या संघांनी कबड्डी जगवली, त्या कामगार खेळाडूंना हा प्रश्न वेगळा समजावून सांगावा लागला नसता.

रग्बी युनियननं हा हट्ट शंभर वर्षं धरला. १९९५ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या बैठकीत तो सुटला आणि खेळ व्यावसायिक झाला. शतकभर पैशाकडं पाठ फिरवून बसलेल्या खेळात एकदम पैसा आला. पगार द्यायचे, मैदान भाड्यानं घ्यायचं, प्रायोजक आणायचे. क्लब चालवणारे बहुतेक जण माजी खेळाडू किंवा हौशी धनिक. हिशेबाची सवय कुणाला नव्हती. या वाक्यावर मी पुन्हा येणार आहे.

फायनल आली कुठून

पूर्वी लीगचा विजेता गुणतक्त्यावर ठरायचा. वर्षभर सगळ्यांशी खेळा, ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन. पण गुणतक्त्याला टीव्हीवर दाखवता येत नाही. एका दिवसाचा तमाशा लागतो, एक मैदान, एक कप, ऐंशी हजार लोक. म्हणून २००३ पासून विजेतेपद फायनलवर ठरू लागलं.

त्या पहिल्याच वर्षी काय झालं बघा. ग्लॉस्टरचा संघ गुणतक्त्यात ८२ गुणांवर, दुसरा वॉस्प्स ६७ वर. पंधरा गुणांचा फरक. जुन्या पद्धतीनं ग्लॉस्टर चॅम्पियन, विषय संपला. पण नव्या नियमानं अव्वल संघ थेट फायनलला, आणि दुसऱ्या-तिसऱ्यानं आपसात खेळून प्रतिस्पर्धी ठरवायचा. ग्लॉस्टर तीन आठवडे रिकामं बसलं. वॉस्प्स खेळत राहिले, धार लावत राहिले. ३१ मे रोजी लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर निकाल लागला, वॉस्प्स ३९, ग्लॉस्टर ३.

ग्लॉस्टरच्या माणसाला आजही त्या दिवसाबद्दल विचारलं तर तो चहा टाकून निघून जाईल.

वॉस्प्सनी ही युक्ती ओळखली होती. २००३, २००४, २००५ आणि २००८, चार वेळा ते फायनल जिंकून चॅम्पियन झाले आणि या चारपैकी एकदाही ते गुणतक्त्यात पहिले नव्हते. शिवाय २००४ आणि २००७ ला युरोपचा कपही नेला. मोठ्या दिवशी मोठं खेळायचं, ही त्यांची खासियत. वर्षभर दुसरे राहिलात तरी चालेल, शेवटच्या दिवशी पहिले या.

मैदानावर हे चालतं. दुकान चालवताना मात्र शेवटचा दिवस असा नसतो, तिथं दर महिन्याच्या एक तारखेला पगार असतो.

कपाच्या मागची वही

याच लीगमधली आणखी एक हकिगत सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

एक्सेटर हा इंग्लंडच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला क्लब. शेतीवाडीचा मुलूख. २०१० पर्यंत दुसऱ्या दर्जाच्या लीगमध्ये होते. प्रशिक्षक रॉब बॅक्स्टर तिथलाच, शेतकरी घरातला, त्याच क्लबाकडून खेळलेला. जुनं मैदान विकून शहराबाहेर नवं बांधलं, त्यात लग्नकार्यं, परिषदा, जेवणावळी सुरू केल्या, त्या पैशावर संघ उभा केला. वर आल्यावर सात वर्षांत, २०१७ ला, पहिल्यांदा चॅम्पियन. तेव्हाही फायनलला समोर वॉस्प्सच होते. जादा वेळेत गेलेला सामना २३-२० असा संपला. गंमत म्हणजे त्या वर्षी वॉस्प्स गुणतक्त्यात पहिले होते आणि फायनल हरले. ग्लॉस्टरवर जी वेळ त्यांनी आणली होती ती चौदा वर्षांनी त्यांच्यावर आली.

पण एक्सेटरचं खरं दुखणं होतं सॅरासेन्स. २०१६, २०१८, २०१९, तीन फायनल एक्सेटर या एकाच संघाकडून हरलं. २०१९ ची तर ३७-३४ अशी हातातून निसटली. लोक म्हणायचे, सॅरासेन्स म्हणजे पोलाद, त्यांच्यापुढं इलाज नाही.

लीगमध्ये खेळाडूंच्या एकूण पगारावर मर्यादा आहे. तेव्हा ती मुळात ७ दशलक्ष पौंड होती. सगळे एका पातळीवर राहावेत म्हणून केलेला नियम. नोव्हेंबर २०१९ मध्ये चौकशीचा निकाल आला. सॅरासेन्सनी तीन हंगाम ही मर्यादा पाळली नव्हती. मालकानं काही खेळाडूंबरोबर भागीदारीत गुंतवणुकी केल्या होत्या आणि त्या रीतसर कळवल्या नव्हत्या. दंड ५३ लाख पौंडांच्या वर, ३५ गुण कापले, आणि पुढं जानेवारीत थेट खालच्या लीगमध्ये रवानगी.

पण २०१८ आणि २०१९ चे कप? ते त्यांच्याकडंच राहिले. निकाल बदलले नाहीत. एक्सेटरच्या पोरांनी ते दोन दिवस कुठून परत आणायचे?

ज्या दिवशी कप उचलला गेला त्या दिवशी मैदानावर पत्रकार शंभर असतील. त्यांनी ट्राय मोजले, धावा मोजल्या, टॅकल मोजले. पगाराची वही त्या दिवशी कुणी मोजली नव्हती. पुढं एका वर्तमानपत्रानं या भागीदाऱ्यांची बातमी छापली तेव्हा प्रकरण उघडं पडलं. हे वाचलं तेव्हा एक पत्रकार म्हणून मला बरंही वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

कॉव्हेंट्रीला बिऱ्हाड

आता परत वॉस्प्सकडं.

मूळचा लंडनचा क्लब. व्यावसायिक काळात स्वतःचं मोठं मैदान नाही. आधी एका फुटबॉल क्लबच्या मैदानावर, मग २००२ पासून लंडनबाहेर वायकम गावात दुसऱ्या फुटबॉल क्लबच्या मैदानावर, भाड्यानं. मैदान लहान, उत्पन्न कमी. २०१२ मध्ये जवळपास बंदच पडत होता. डेरेक रिचर्डसन नावाच्या आयरिश उद्योजकानं तो २०१३ मध्ये ताब्यात घेतला.

त्या वेळी कॉव्हेंट्रीत वेगळंच प्रकरण सुरू होतं. तिथलं बत्तीस हजार क्षमतेचं स्टेडियम चालवणाऱ्या कंपनीत निम्मा वाटा महापालिकेचा आणि निम्मा एका धर्मादाय संस्थेचा. शहराचा फुटबॉल क्लब भाडेकरू, त्याचं आणि कंपनीचं भाड्यावरून भांडण. फुटबॉल क्लब रागानं एक हंगाम दुसऱ्या गावात जाऊन खेळला. म्हणजे एवढं मोठं स्टेडियम आणि आत खेळायला कुणी नाही. महापालिकेनं कंपनीला लोकांच्या पैशातून कर्ज दिलेलं. आपल्याकडच्या नाट्यगृहांची, व्यापारी संकुलांची आठवण झाली ना? मलाही झाली.

२०१४ च्या शरदात महापालिकेनं आणि त्या संस्थेनं आपापले वाटे वॉस्प्सना विकले. सोबत भाडेपट्टा अडीचशे वर्षांचा. शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचा रग्बी क्लब एकदम कॉव्हेंट्रीच्या स्टेडियमचा धनी झाला. फुटबॉल क्लबचे मालक कोर्टात गेले, ते भांडण वर्षानुवर्षं चाललं. वॉस्प्सचे जुने लंडनकर प्रेक्षक रडले. आमचा क्लब तुम्ही दुसऱ्या गावाला का नेताय, असं विचारत राहिले. पण डिसेंबर २०१४ मध्ये पहिल्या सामन्याला अठ्ठावीस हजारांवर लोक आले आणि सगळे म्हणाले, बघा, जमलं.

मग २०१५ मध्ये वॉस्प्सनी बाँड काढले. ३५ दशलक्ष पौंडांचे. एका पौंडाचे ढोबळ शंभर रुपये धरले तर साडेतीनशे कोटी. मुदत सात वर्षं, व्याज साडेसहा टक्के, किमान गुंतवणूक २,००० पौंड. तारण स्टेडियमचं. हे बाँड बँकांनी नाही, सामान्य लोकांनी घ्यायचे होते, आणि घेतलेही. त्यात क्लबचे चाहते होते, निवृत्त माणसं होती. या पैशातून महापालिकेचं जुनं कर्ज फेडलं गेलं.

जरा थांबून बघा इथं काय झालं. महापालिका मोकळी झाली, तिचे पैसे आले. जोखीम मात्र कुठं गेली नाही. ती फक्त एका खिशातून दुसऱ्या खिशात गेली, आणि तो दुसरा खिसा साध्या माणसाचा होता.

मे २०२२ पर्यंत ३५ दशलक्ष परत करायचे होते. क्लब तर वर्षानुवर्षं तोट्यात. मग परत कसे करणार? उत्तर सरळ होतं, तेव्हा नवं कर्ज काढू.

२४ ऑक्टोबर २०२०

आणि मधे कोरोना आला.

२०१९-२० चा हंगाम मार्चमध्ये थांबला, ऑगस्टमध्ये परत सुरू झाला आणि जूनमध्ये व्हायची ती फायनल ऑक्टोबरात आली. वॉस्प्स कमाल खेळले. लागोपाठ सामने जिंकत गुणतक्त्यात दुसऱ्या क्रमांकावर आले, पहिलं एक्सेटर. फायनल तीच ठरली.

फायनलच्या आधीच्या आठवड्यात वॉस्प्सच्या खेळाडूंच्या आणि कर्मचाऱ्यांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. सराव बंद. त्यांच्या जागी ब्रिस्टलला तयार राहायला सांगितलं गेलं. शेवटच्या क्षणी परवानगी मिळाली आणि जवळपास बिनसरावाचा, काही खेळाडू नसलेला संघ मैदानात उतरला.

मी तो सामना नंतर मोबाईलवर पाहिला. ८२ हजारांचं ट्विकनहॅम, आत एक प्रेक्षक नाही. पाऊस कोसळतोय. खेळाडूंचे आवाज, बुटांचा चिखलातला आवाज, पंचाची शिट्टी, सगळं स्पष्ट ऐकू येतं. समोर एक्सेटर, ज्यांनी आदल्याच शनिवारी फ्रान्सच्या रासिंगला ३१-२७ हरवून युरोपचा कप जिंकला होता.

एक्सेटरच्या हेन्री स्लेडनं ट्राय केला. वॉस्प्सच्या जेकब उमागानं उत्तर दिलं. दोन्ही संघांनी पावसात एकेक पेनल्टी जमवत सामना चिकटून ठेवला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा एक्सेटर १६, वॉस्प्स १३. आणि वॉस्प्सना पेनल्टी मिळाली.

खांबांमधून मारली तर तीन गुण, १६-१६, सामना जादा वेळेत. दुसरा पर्याय म्हणजे चेंडू कोपऱ्यात बाहेर काढायचा, तिथं लाइनआउट घ्यायची आणि ट्रायसाठी जायचं. म्हणजे बरोबरी नको, जिंकायचंच.

वॉस्प्सनी कोपरा घेतला. लाइनआउटला चेंडू वर फेकला गेला आणि एक्सेटरच्या उंच्यापुऱ्या जॉनी ग्रेनं ती उधळून लावली. संधी गेली. शेवटी जो सिमंड्सनं आणखी एक पेनल्टी मारली. एक्सेटर १९, वॉस्प्स १३. एक्सेटर दोन्ही कपांचे मानकरी, रिकाम्या मैदानात कप उचलून आपसातच ओरडले.

त्या कोपऱ्याच्या निर्णयावर तिथं खूप चर्चा झाली. मी त्या खेळाडूंना दोष देणार नाही. त्यांनी जुगार खेळला तो सगळ्या देशासमोर, टीव्हीवर. हरले तर त्यांचा कप गेला, दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही. दुसरा जुगार ऑफिसात बसून खेळला जात होता, लोकांच्या पैशावर, आणि त्याचं थेट प्रक्षेपण नव्हतं.

प्रशासक आला

मे २०२२ ची मुदत आली. बाँडचे पैसे परत झाले नाहीत. नवं कर्ज मिळेना. त्यानंतर तीन महिन्यांनी त्याच संकुलात आपल्या पैलवानांनी सुवर्णं जिंकली. वर जन गण मन वाजत होतं आणि खालची इमारत मुदत उलटलेल्या कर्जाला तारण होती. आपल्याला काय कल्पना!

सप्टेंबरात करखात्याचा तगादा. १७ ऑक्टोबर २०२२ ला वॉस्प्सवर प्रशासक नेमला गेला. खेळाडू, प्रशिक्षक, ऑफिसातली माणसं मिळून १६७ जणांची नोकरी त्याच दिवशी गेली. स्टेडियम पुढच्या महिन्यात एका बड्या किरकोळ व्यापार समूहाला १७ दशलक्ष पौंडांना विकलं गेलं. बाँड होते ३५ चे. बाकी वजाबाकी तुम्हीच करा.

वॉस्प्स एकटे नव्हते. काही आठवडे आधी वुस्टरचा क्लब बुडाला, तिथंही कराची थकबाकी आणि अर्धवट पगार. जून २०२३ मध्ये लंडन आयरिश गेला. तेरा क्लबांची लीग दहावर आली. कोरोनात सरकारनं या लीगच्या क्लबांना लोकांच्या पैशातून १०० दशलक्ष पौंडांहून जास्त कर्ज दिलं होतं. त्याच्याही आधी, २०१८ च्या शेवटी, एका गुंतवणूक कंपनीनं २०० दशलक्षांहून जास्त मोजून लीगचा २७ टक्के हिस्सा घेतला होता. म्हणजे पैसा आला नव्हता असं नाही. तो खर्चाच्या वेगानं आला आणि खर्चाच्या वेगानंच गेला.

आणि फायनल? ती दर वर्षी होतेच आहे. २०२३ ला तर सॅरासेन्सच परत चॅम्पियन झाले. २०२५ ला बाथनं लेस्टरला २३-२१ असं हरवून २९ वर्षांनी विजेतेपद मिळवलं, मैदान तुडुंब भरलेलं. वुस्टर खालच्या लीगमध्ये परत उभं राहिलं. वॉस्प्सना तिथं जागा देऊ केली होती, पण त्या अटी पूर्ण झाल्या नाहीत. दीडशे वर्षांचा क्लब, आज त्याला मैदानही नाही आणि लीगही नाही.

आता माझी कबुली

साडेसहा टक्क्यांनी पोटात गोळा का आला, ते सांगतो.

आपल्या भागात काही वर्षांपूर्वी एका पतसंस्थेनं कबड्डीची मोठी स्पर्धा भरवायला सुरुवात केली. नाव घेत नाही, जाणकारांना कळेल. मॅटवरचे सामने, प्रकाशझोत, दोन्ही बाजूंना गॅलरी, बाहेरगावचे नामांकित संघ. फायनलच्या रात्री बाजारतळावर पाय ठेवायला जागा नसायची. मी त्या फायनलची बातमी पान एकवर लावली, एकदा नाही, तीन वर्षं. 'थरारक', 'अटीतटीची', 'क्रीडानगरीचा जल्लोष', सगळे शब्द वापरून झाले.

त्याच संस्थेचा ताळेबंद दर वर्षी सर्वसाधारण सभेच्या आधी आमच्याच अंकात जाहिरात म्हणून छापून यायचा. आतल्या पानावर, बारीक टायपात. थकीत कर्ज वर्षागणिक वाढत होतं. ते आकडे माझ्या टेबलावरून जायचे. प्रूफ मीच तपासायचो. शुद्धलेखन तपासायचो! आकडे वाचले नाहीत. सभेत विषय वाचायचा अवकाश, लोक 'मंजूर, मंजूर' म्हणायचे आणि जेवायला उठायचे. त्या पंगतीला मीही बसलेलो आहे.

संस्थेवर प्रशासक आला तेव्हा माझ्या आईची ऐंशी हजारांची ठेव त्यात होती. मीच ठेवायला सांगितली होती. "एवढी मोठी स्पर्धा घेतात, यांना काय कमी आहे," हे माझंच वाक्य. आईनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही. अजून दर दिवाळीला पासबुक काढून पुसते आणि परत कपाटात ठेवते.

कॉव्हेंट्रीचा तो बाँडवाला आणि माझी आई यांच्यात फरक फक्त भाषेचा आहे. दोघांनीही फायनल बघून भरवसा ठेवला.

जाता जाता

रग्बीतला एक कप आपल्या रुपयांपासून बनलेला आहे, हे माहीत आहे का? १८७३ मध्ये कलकत्त्यात इंग्रजांनी कलकत्ता फुटबॉल क्लब काढला, रग्बी खेळायला. चार-पाच वर्षांत तो आटला. पलटणी बदलून गेल्या, हवा उष्ण, लोक पोलो आणि टेनिसकडं वळले. क्लब बंद करायचं ठरलं. खात्यात शिल्लक होती. त्यांनी ती चांदीच्या रुपयांत काढली, २७० रुपये वितळवले आणि त्याचा एक कप घडवला. हँडल नागांचे, झाकणावर हत्ती. तो १८७८ मध्ये इंग्लंडच्या रग्बी संघटनेला देऊन टाकला. इंग्लंड आणि स्कॉटलंड १८७९ पासून आजतागायत त्या कलकत्ता कपासाठी खेळतात.

साहेबाचं राज्य, साहेबाचा क्लब, त्याचं कौतुक करायला मी बसलेलो नाही. पण हिशेब बघा. क्लब बंद पडला तेव्हा कुणाचं देणं ठेवून गेला नाही, उलट शिल्लक ठेवून गेला, आणि त्या शिल्लकेचा कप झाला. आजचे क्लब आधी कप घेतात आणि मागं थकबाकी ठेवतात.

आता व्यावसायिक रग्बी आपल्याकडंही आली आहे. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत, अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात, सहा संघांची सात-सात जणांची लीग झाली. चांगली गोष्ट आहे, आपल्या पोरांना खेळायला मिळू दे, त्यांना वेळेवर पैसेही मिळू देत. मी खेळाच्या विरोधात नाही. फायनल मलाही आवडते. यंदाही बाजारतळावर कुणी मॅट टाकली तर मी पहिल्या रांगेत असेन.

फक्त आता मी एक काम जास्त करतो. स्पर्धेची बातमी लिहायच्या आधी आयोजक संस्थेचा ताळेबंद मागतो. दोघांनी दिला, एकानं दिला नाही. न देणाऱ्याची जाहिरातही बंद झाली, आमच्या मालकांची बोलणी खाल्ली. असो.

या महिन्यात आपल्याकडच्या बऱ्याच संस्थांच्या वार्षिक सभा आहेत. अहवालाची पुस्तिका प्रत्येक सभासदाला मागता येते. मागा. नफा-तोटा पत्रक समजलं नाही तर तिथंच उभं राहून विचारा. आकडे कळत नसतील तर पुस्तिका घेऊन माझ्याकडं या, आपण दोघं बसून वाचू. मीही अजून शिकतोच आहे.

'मंजूर' म्हणायला घाई करू नका. जेवण कुठं पळून जात नाही.